दुपारचं पाजणं

दीपमालाच्या घरात समोरच्या भिंतीवर एक मोठा नकाशा चिकटवलेला होता आणि त्यावर लाल दोरा ताणलेला. त्यांच्या गावातून, मोताळ्यातून, निघालेला दोरा बोधगयेला जायचा, तिथून लुंबिनीला, नेपाळ आडवं ओलांडून आसामात, मणिपूरच्या टोकाहून म्यानमारमध्ये आणि शेवटी थायलंडात. लग्नाआधी जिल्ह्याच्या शर्यतीत सायकल पळवलेली ही बाई. टाचण्या तिनंच टोचल्या होत्या. मग खेमा झाली आणि दोऱ्यावर धूळ बसली. आता खेमा रांगू लागली होती, बुलडाण्याची मैत्रीण महेजबीन सोबतीला तयार होती, दिवाळीनंतर सायकलनं निघायचं ठरत होतं. अडत होतं एकाच गोष्टीवर. खेमा वरचं दूध तोंडात घेत नव्हती. वाटी दिसली की ओठ घट्ट मिटायची.

"एक दिवस तुह्याबिगर राहून तं पाहू दे पोट्टीले," सासूबाई बेबीताई म्हणाल्या. "सकाळपासून दिवे लागेपर्यंत. राह्यली, तं खुशाल जाय. नाही राह्यली, तं दोरा काढून दे मले, गोधडीले कामी येईन."

"आईचा पेपर लई कडक राह्यते," एसटीच्या डेपोत मेकॅनिक असलेला नवरा, संघपाल, सायकलची साखळी पुसत हसला.

पेपराच्या दिवशी खेमा झोपेत असतानाच दीपमाला निघाली. सरावासाठी दोन्ही बाजूंच्या थैल्यांत ओझं भरलेलं. दुपारपर्यंत सायकल मस्त पळाली. परतताना उन्हामुळं तिनं डांबरी सोडली आणि शेतातली जवळची वाट धरली.

या वाटेला एकेकाळी खुणा होत्या. इथं ज्वारी, तिथं मूग, पलीकडं तुरीचे तास. आता दोन्ही बाजूंना नुसती कपाशीची पऱ्हाटी, डोक्याइतकी, एकाच पिशवीतून निघाल्यासारखी. बीटी बियाण्याच्या पिशवीत साध्या बियांचं एक लहान पाकीट येतं. ते शेताच्या कडेनं पेरायचं असतं, अळीला तिथं चरायला मिळावं म्हणून. गावात ते कोणी पेरत नाही, तेवढ्या जागेत बीटीच्याच दोन ओळी जास्त बसतात. गेल्या साली गुलाबी अळी बोंडाबोंडात शिरली, तरी यंदाही पाकिटं उकिरड्यावरच गेली. शेतांना कडच उरली नव्हती. एक कधी संपलं आणि दुसरं कधी लागलं, कळायला मार्ग नाही. रानडुकरं बुजावीत म्हणून बांबूंना बांधलेल्या जुन्या साड्या तेवढ्या मधून मधून दिसायच्या.

मोडका नांगर पडलेला बांध तिनं ओलांडला. थोड्या वेळानं पुन्हा तोच बांध, तोच नांगर. मग पुन्हा. चार देशांचा रस्ता जिला पाठ होता, तिला घराजवळ चकवा लागला होता. तिला हसूच आलं. पण हसू ओठावर असतानाच ध्यानात आलं, की आजूबाजूला एक पाखरू ओरडत नाहीये. फवारणीनंतर शेत असंच गप्प होतं, ती स्वतःला म्हणाली.

आणि पऱ्हाटीत मूल रडलं.

खेमाचं रडणं. भुकेचं, आधी कुरकुर आणि मग एकदम टिपेला जाणारं. दीपमालाचा कुर्ता समोरून ओला झाला. डोक्याला कळत होतं की लेक घरी आहे, पण छातीला कळत नव्हतं. सायकल टाकून ती आत शिरली. बोंडांची टोकं हाताला ओरबाडत होती.

रडणं थांबलं. मुलाच्या तोंडात थान आल्यावर थांबतं तसं, अर्ध्यातच. मग त्या गप्प शेतात गिळण्याचा आवाज यायला लागला. घुटक. घुटक. मध्येच एक समाधानाचा सुस्कारा.

ती उलट्या पावली पळाली. सायकल उचलताना तिला दिसलं, जवळचा एक बांबू उघडा होता. विटक्या हिरव्या साडीच्या गाठीचा तुकडा तेवढा वर लोंबत होता.

डांबरी कशी सापडली, तिला आठवत नाही. घरी पोचली तेव्हा दिवे लागत होते. खेमा पाळण्यात निवांत झोपलेली. बेबीताईंनी तिला ओढतच चुलीपाशी नेलं.

"राह्यली म्हणून सांगतलं म्या संघपालले," त्या कुजबुजल्या. "तू मधात येऊन पाजून गेली, ते आपल्या दोघीतच. तुही एवढी हौस, मी काऊन मोडू?"

"मी?"

"मंग कोन? भर दुपारी. हाक मारली तं बोलली नाही. डोक्यावरून पदर, हिरवी इटकी साडी. म्हणलं, सायकलवर साडी कधी नेसली हिनं! पण पोट्टी अशी लुचली बाप्पा, डोळे मिटून."

दीपमाला पाळण्यावर वाकली. खेमाच्या ओठांना हिरव्या बोंडाचा तुरट वास येत होता. हनुवटीला कापसाचा एक तंतू चिकटलेला. तिनं लेकीला छातीशी घेतलं. छाती दुखेपर्यंत भरली होती. खेमानं झोपेतच तोंड फिरवलं. पोट टम्म होतं.

"काय मॅडम, पास!" बाहेरून संघपाल पेन घेऊन आला. "टाकू तारीख नकाशावर? महेजबीनले फोन लावतो."

तोंडातून हो निघायचा अवकाश होता. लेक उपाशी राहणार नव्हती. दुपारी येणारं कोणीतरी होतं. हा विचार इतका सोपा, इतका गोड वाटला, की त्याचीच तिला भीती वाटली.

"मी दुपारी आलीच नाही, आई," ती म्हणाली.

"थट्टा करू नको."

"माह्या अंगाले हात लावून पाहा."

बेबीताईंनी तिच्या ओल्या, दगडासारख्या छातीवर हात ठेवला आणि चटकन काढून घेतला. "आपल्यात असलं मानत नाहीत," त्या म्हणाल्या. पण उठून त्यांनी दाराची कडी लावली. संघपालनं पेनाचं टोपण टक्कन बसवलं.

त्या आवाजानं खेमा जागी झाली. आईच्या खांद्यावरून तिनं दाराकडं पाहिलं, खुदकन हसली आणि दोन्ही हात तिकडं पसरले.

"इकडं, बाई, इकडं. आई इथं हाये," म्हणत दीपमालानं तिचा चेहरा हलकेच आपल्या छातीकडं वळवला.

खेमानं ओठ घट्ट मिटून घेतले.