औषध म्हटलं म्हणून

चंदनाला विज्ञान प्रदर्शनात पहिला नंबर मिळाला, आणि तोही काय थाटात! मातीतले जिवाणू आंब्याच्या मुळांना अन्न कसं मिळवून देतात, त्यांची जोड असली की रासायनिक खत थोडं कमी टाकलं तरी कसं भागतं, हे सगळं तिनं माईक हातात धरून धडाधड सांगितलं. एरवी हजेरीलासुद्धा पुटपुटणारी पोर! सूर्यमाळच्या पाड्यावर परतली तेव्हा तिचे पाय जमिनीला लागत नव्हते.

बापानं, धोंडीनं, तिच्या शब्दाखातर अठरा कलमांचं खत कमी केलं. गुरुजींनी दिलेली जिवाणूंची पुडी घालायचं काम ठकीआत्याकडे आलं. कलमं तशी तिचीच. भर उन्हाळ्यात झऱ्यावरून हंडे वाहून तिनंच ती जगवली होती.

"पुडीत काय हाय गं?" आत्यानं विचारलं.

चंदनाला भाषणाचा व्हिडिओ मैत्रिणींना दाखवायला जायची घाई. शिवाय, आत्याला काय कळणार जिवाणू, असंही तिच्या मनात आलंच.

"औषध आहे. पाण्यात कालव नि बुंध्याशी ओत," म्हणाली आणि पळाली.

दिवाळी सरली, तरी एकाही कलमाला नवी पालवी नाही. उलट पानं पिवळी पडत चालली.

"ठके, काय ओतलंस तू?" धोंडी कडाडला.

"पोरीनं दिलेलं औषध. खोडाला लावून मोरचुदाचं पाणी उरलेलं, तेपन त्याच बादलीत घातलं. दोन औषधं एकदम, म्हंजे गुन लवकर."

चंदनाला लगेच उमगलं. मोरचूद! बुरशी मारायची ती निळी पूड. तिच्यात जिवाणू कुठले जगायला?

"उद्यापासून कलमांना हात लावू नको," धोंडी म्हणाला. "चंदना बघेल. ती शिकलेली हाय."

आत्यानं हंडा भिंतीशी पालथा घातला.

तीन दिवस चंदनानं पाणी वाहिलं. चढावर हंडा हिंदकळायचा, मान अवघडायची, पण त्याहून जास्त टोचायचं ते 'शिकलेली'. आत्या उंबऱ्यात बसून लांबूनच कलमांकडे बघायची.

चौथ्या दिवशी जेवताना चंदनानं नागलीची भाकर ताटात परत ठेवली.

"बा, आत्यानं नाय. मी मारले ते."

"कोनाला?"

"जिवाणूंना. पुडीत काय आहे ते तिनं विचारलं होतं. मी नुसतं औषध म्हटलं. जिवंत असतात, हे सांगितलंच नाही."

आत्याचा हात ताटातच थांबला. "जितं व्हतं त्यात?"

"हो."

"मंग बोलायचं ना गं! कोंबडीच्या पिल्लांच्या पान्यात मोरचूद घालीन का मी?"

धोंडी खाली मान घालून भाकरीचा तुकडा मोडत राहिला. मग हळूच म्हणाला, "कलमं तूच बघ, ठके."

"बघीन," आत्या म्हणाली. "पन पयलं हिला बोलू दे. माईकात बोललीस ना, तेच. समदं सांग."

चंदना उठून उभी राहिली. समोर माईक नव्हता, टाळ्या नव्हत्या. नुसती आत्या होती, सगळं लक्ष लावून ऐकणारी. आणि चंदनाचा आवाज पुन्हा हजेरीच्या वेळेसारखा, पुटपुटता निघाला.

"मोठ्यानं गं," आत्या म्हणाली, "मना कळलं पायजे."