देवानं दिलेला ताण

“सुल्लू, मजाक नक्को समझ. तुझे सासरे एका रात्रीत बदललेत. हे म्हातारपण नाय. उद्याच्या उद्या दवाखान्यात ने आन् डोक्याचा फोटो काढ.”

ताहेरानं हे अंगणात उभं राहून बजावलं होतं. ती संभाजीनगरला एका खासगी दवाखान्यात परिचारिका, कॉलेजात सुलक्षणाच्या बाकावर बसणारी. मैत्रिणीची लेक बघायला म्हणून पैठण रस्त्यावरच्या या गावात आली, आणि लेकीपेक्षा जास्त वेळ तात्यासाहेबांकडेच बघत राहिली. तात्या चहाची बशी हातात धरून नुसते बसले होते. कुणी “प्या” म्हटलं, तेव्हा प्यायले.

“अगं, हातपाय चालतात, तोंड वाकडं नाही. झटका कसला?” सुलक्षणानं हसून उडवून लावलं. “थकलेत. वय झालं.”

एरवी ही बाई लेकीला एक शिंक आली तरी तिच्या कपाळाला हात लावून बघणारी. पण घरातलं माणूस गप्प झालं की आपल्याकडं काळजी वाटत नाही, हायसं वाटतं.

आता त्याच अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. गेटबाहेर मोटारसायकली, ओसरीवर सतरंजी, सतरंजीवर तात्या. गळ्यात झेंडूच्या माळा, कपाळभर अष्टगंध, नजर समोरच्या भिंतीवर. आणि शेजारी अबोलनाथ महाराज. नाव अबोलनाथ, पण सकाळी तोंड उघडलं की गुरं घरी येईपर्यंत मिटत नसे.

“बागाईतदार माणसं तुम्ही, तुम्हाला मी काय सांगू!” महाराज गर्जले. “मोसंबीला बहार कसा आणता? पाणी तोडून ताण देता. झाड पिवळं पडतं, पानं गाळतं. परका म्हणतो, मेलं. आन् मग काय येतं?”

“बहार!” अंगण ओरडलं.

“देवानं तात्यांना ताण दिलाय! बोलणं गळालं, राग गळाला, हाव गळाली. आता ज्ञानाचा बहार फुटणार. पण ताणात झाडाला पाणी पाजलं तर?”

“बहार गेला!”

“मग ताणात माणसाला गोळी चारली तर?”

तात्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या महाराजांनी स्वतःच्या हातानं उकिरड्यावर भिरकावल्या होत्या. दुसऱ्या कुठल्या गावात हे खपलं नसतं. इथं मात्र पोरं पाळण्यातच ताण आणि बहार शिकतात. गोष्ट इतकी ओळखीची, की तिच्यातला खोटा सांधा कुणाला दिसेना.

आणि तात्या म्हणजे त्या शास्त्रातला शेवटचा शब्द! बागेतून एक फेरी मारून, पाणी सोडून ताण कधी तोडायचा ते सांगणारा माणूस. व्यापाऱ्याला एकदाच भाव सांगणार आणि पाठ फिरवणार. संक्रांतीनंतर एका सकाळी हा माणूस उशिरा उठला, तो असा. ओलं धोतर बदला म्हटल्याशिवाय बदलत नव्हता. ऊन अंगावर आलं तरी खाट सोडत नव्हता. महाराज म्हणाले, वैराग्य. द्वारकाबाईंनी, म्हणजे सुलक्षणाच्या सासूनं, हात जोडले. बिचारीला नवरा आजारी असण्यापेक्षा संत असणं परवडत होतं.

मग चमत्कार झाला. शेजारच्या कडूबाला बोअर घ्यायचा होता. महाराजांनी तात्यांना विचारलं, “वरच्या अंगाला घ्यावा, का खालच्या?” तात्या म्हणाले, “खालच्या.” कडूबाला पाणी लागलं. तेव्हापासून रांग. कुणाचं लग्न, कुणाची भांडणं, कुणाची नोकरी. प्रश्न लोकांचा, पण तात्यांच्या कानात घालायचे महाराजच. “तात्यांना आमचीच भाषा कळते!”

आज मात्र प्रश्न खुद्द तात्यांचा होता. महाराजांना त्यांना कायमचं आपल्या मठात न्यायचं होतं. गोळ्या उकिरड्यावर गेल्यापासून सुलक्षणाला ताहेराचे शब्द टोचत होते, तिनं दवाखान्याचा हट्ट धरलेला. तिचा नवरा रामकिसन वाळूजला कंपनीत, कामावर. फोनवर म्हणाला, “तू अन् आईनं भांडू नका. तात्यांनाच विचारा. ते म्हणतील तसं करू.”

तात्यांनाच विचारा! घरात तात्या होते कुठं?

ती स्वयंपाकघरात दोन वर्षांच्या रेणूला भरवत होती. पोरगी ताटाकडं बघायला तयार नाही.

“रेणू, दूध पाहिजे का वरण?”

“वलण.”

ही युक्ती तिची रोजचीच. जे खायला घालायचं ते शेवटी म्हणायचं. एवढ्याशा पोरांना शेवटचा शब्द तेवढा हाती लागतो, तोच ती परत देतात. बाहेरून महाराजांचा आवाज आला, “तात्या, दवाखान्यात जायचं, का मठात?”

“मठात,” तात्या म्हणाले.

अंगणात जयजयकार उसळला. सुलक्षणाचा घास हातातच राहिला. खालच्या. मठात. वलण.

पोरीला कडेवर घेऊन ती ओसरीवर आली आणि तात्यांसमोर बसली.

“तात्या, मठात जायचं, का दवाखान्यात?”

“दवाखान्यात.”

जयजयकार मध्येच तुटला.

“सूनबाई!” महाराज कडाडले. “विटाळ केलात प्रश्नाचा! कौल एकदाच लावायचा असतो.”

“मग खरा देव दोनदा विचारलं की बदलतो का?” ती कडूबाकडं वळली. “कडूबाकाका, तुम्ही विचारा. तुमचाच बोअर. पण आधी खालचं म्हणा, मग वरचं.”

कडूबा घाबरत पुढं झाला. “तात्या, बोअर खालच्या अंगाला घेऊ, का वरच्या?”

“वरच्या.”

“अन् मला पाणी लागलं ते?” कडूबा कळवळून म्हणाला.

“काका, तुमचं खालचं रान वढ्याला लागून आहे. तिथं पाणी लागायला देव कशाला पाहिजे?”

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. सुलक्षणा थांबली नाही. “तात्या, चहा घेणार, का रॉकेल?”

“रॉकेल.”

आता कुणी हसलं नाही. द्वारकाबाई उठल्या. पदर सावरत नवऱ्यापुढं आल्या, खूप दिवसांनी त्याच्या डोळ्यांत बघितलं.

“अहो, मी तुमची बायको हाय, का बहीण?”

“बहीण.”

“पाहिलंत?” महाराजांनी टाळी वाजवली. “सिद्ध पुरुषाला बायको, बहीण, समदं एकच!”

“आन् चहा आन् रॉकेल बी एकच का रे?” द्वारकाबाई गर्रकन वळल्या. “मग तू पी आधी घोटभर! ताण म्हणं! ताण निरोग्या झाडाला देत्यात. डिंक गळणाऱ्या झाडाला दिला तर सरपण व्हतं त्याचं. मी बागवानीण असून माझ्या धन्याचं सरपण करत बसले व्हते. कडूबा, पिकअप काढ!”

“ताण तोडाल तर घराण्याचा नाश...”

“व्हऊ दे!” सासू आणि सून एकदमच म्हणाल्या.

संभाजीनगरला ताहेरा दवाखान्याच्या दारातच उभी होती. ‘मी सांगितलं होतं’ असं ती बोलली नाही, चाकाची खुर्ची पुढं केली.

तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर मेंदू दाखवला. अगदी मधोमध हरभऱ्याएवढा डाग. “ही जागा म्हणजे थॅलॅमस. मेंदूतलं जंक्शन समजा. कान, डोळे, आठवण, इच्छा, सगळ्यांचे निरोप इथून पुढच्या मेंदूला जातात. आणि ठरवणं, तोलणं, ‘मला हे नको’ म्हणणं हे काम पुढच्या मेंदूचं. यांचा पुढचा मेंदू जागेवर आहे, पण जंक्शनमधली एक बारीक रक्तवाहिनी बंद पडली आणि निरोप पोचेनासे झाले. हातापायांची वाट बाजूनं जाते, ती वाचली. म्हणून तुम्हाला झटका दिसला नाही.”

“मग ते वैराग्य?” द्वारकाबाईंनी हळूच विचारलं.

“आजी, वैरागी माणूस नको म्हणतो. यांना नको म्हणताच येत नव्हतं. आणि त्या गोळ्या बंद ठेवल्या होत्या ना, दुसरा झटका कधीही आला असता.”

तात्या पूर्वीचे तात्या झाले नाहीत. उगीच गोड शेवट सांगून तुम्हाला फसवलं, तर अबोलनाथात आणि आपल्यात फरक काय? गोळ्या सुरू झाल्या, रोजचे व्यायाम सुरू झाले, तात्यांशी कसं बोलायचं ते ताहेरानं घरच्यांना शिकवलं. पाडव्याच्या सुमाराला एका सकाळी द्वारकाबाईंनी चहा आणला, तर तात्यांनी कपाकडं बघून तोंड वाकडं केलं.

“लई गोड केलास,” ते म्हणाले. “नको.”

त्या एका ‘नको’साठी बाई न्हाणीत जाऊन रडून आली.

महाराज दुसऱ्या गावी गेले म्हणतात. तिथंही कुणी बसलं असेल भिंतीकडं बघत, गळ्यात माळ घालून घेत. म्हणून सुलक्षणाचं तुमच्याशी एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात, शेजारी, गल्लीत कुणी अचानक फार शहाणं, फार शांत, फार आज्ञाधारक झालंय का? त्याच्या पाया पडू नका. आजच त्याच्याजवळ जाऊन बसा. ‘हे का ते’ असं विचारू नका. नुसतं म्हणा, “तुला काय पाहिजे?” आणि वाट बघा. उत्तर आलं नाही, तर देवळाकडं वळू नका. गाडी काढा.