संध्याकाळच्या आत लागणारे

"ते गाठोडं मोठ्या बॅगेत जाईल, चांगुणा. यात वादाला जागाच नाही."

"नाय जायचं. ते माझ्या हातात राहील."

यादवरावांनी चष्मा काढून पुसला. नाशिकरोडच्या त्या दिवाणखान्यात दोन बॅगा उघड्या पडल्या होत्या. मोठी, चाकांची, बंदरावर सोपवायची होती. ती संध्याकाळपर्यंत जहाजावरील खोलीच्या दाराशी येणार होती. लहान बॅग मात्र सतत जवळ बाळगायची होती. सकाळी मुंबईला निघायचे आणि पुढे दोन आठवडे समुद्रावर राहायचे, असा बेत होता. मनमाड जंक्शनच्या पार्सल कचेरीत ज्याने नोकरीचा सारा काळ काढला, त्याला सामानाविषयी कोणी चार शब्द सुनवावेत, हे यादवरावांना मानवण्यासारखे नव्हते.

"सिद्धान्त साधा आहे," ते म्हणाले. "संध्याकाळच्या आत जे लागेल, ते हातात. बाकी सगळं खाली. औषधं हातात, पासपोर्ट हातात. हा लाडवांचा डबा हातात कशासाठी? जहाजावर लोक उपाशी मरतात काय?"

"तिथलं तुमाला मानवंल का नाय, कोणाला ठावं," चांगुणाबाई म्हणाल्या. सायखेडा सोडून इतकी वर्षे झाली, तरी त्यांची भाषा नदीकाठचीच राहिली होती. "डबा ठेवा हवं तर खाली. गाठोडं नाय."

सून वैष्णवी चहा घेऊन आली. यादवरावांनी घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"यात साखर आहे."

"असू दे हो अप्पा. कधीतरी."

हीच वैष्णवी एरवी त्यांच्या ताटातली जिलेबी उचलून नेत असे. यादवराव तिच्याकडे पाहत राहिले. ती लगबगीने स्वयंपाकघरात गेली.

गेले काही दिवस या घरात त्यांचे बोलणे कोणीही खोडून काढत नव्हते. पंख्याच्या वेगावरूनही अर्धा तास हुज्जत घालणारा मुलगा हर्षल आता "बरं, अप्पा" एवढेच म्हणे. मागे इस्पितळात तपासण्या झाल्या, त्यांचा निकाल आणायला तो एकटाच गेला होता आणि "सगळं ठीक आहे" असे सांगत परतला होता. ज्याला वणीच्या गडावर यायलाही रजा मिळत नसे, त्याने त्याच आठवड्यात या सफरीची चार तिकिटे काढली. आनंदाला खुलासा मागू नये, हे यादवरावांना कळत होते. पण ज्या मालाचे कारण कळत नाही, तो माल त्यांनी उभ्या आयुष्यात सही करून घेतला नव्हता.

"आई, अप्पा म्हणतात तसं कर ना," दारात उभा राहून हर्षल म्हणाला. तो दोघांकडेही पाहत नव्हता.

चांगुणाबाईंनी गाठोड्यावरचा हात काढला नाही. साऱ्या घरात विरोध करणारे तेवढे एकच माणूस उरले होते.

"यात आहे तरी काय?" यादवरावांनी गाठोडे ओढले.

"अवो, सोडू नका! माझं ऐका!"

गाठ सुटली. आत घडी न मोडलेले, पाणी न लागलेले पांढरे धोतर होते. यादवरावांनी लग्नानंतर धोतर नेसले नव्हते. त्याखाली वाळलेल्या तुळशीची पुडी होती, आणि काशीहून आणून देव्हाऱ्यात ठेवलेला गंगेचा सीलबंद गडू. तो कोणत्या वेळी फोडतात, हे त्या खोलीत कोणालाही विचारावे लागणार नव्हते. खाली कोणाची तरी स्कूटर काही केल्या सुरू होत नव्हती.

"म्हणजे माझं हे सगळं ठरलेलं आहे," यादवराव म्हणाले.

"डॉक्टर म्हणाले, फिरवून आणा," हर्षल अडखळला. "आत्ता जमेल. नंतर..."

"वाक्य पुरं कर."

"नंतर जमणार नाही, अप्पा."

चांगुणाबाईंचे डोळे कोरडे होते. रडणे त्यांनी बहुधा आधीच उरकले असावे. "तिथं चहूकडं खारं पाणी," त्या हळू म्हणाल्या. "गंगा कोण देणार तुमाला? अन् ती मोठी पेटी त्या वेळी कुठं पडलेली असंल, कोणाला ठावं? म्हून हातात."

यादवरावांनी हा युक्तिवाद नीट तपासला. त्यात त्यांना खोट सापडली नाही.

"मुद्दा तुझा खरा आहे," ते म्हणाले. "हातातच हवं. पण गडू असा जाणार नाही. सीलबंद धातूचं भांडं तपासणीत अडवतील. हर्षल, पक्कड आण."

"अवो, जितेपणी फोडत्यात का कुठं!"

"तिथं कुण्या शिपायानं फोडण्यापेक्षा इथं मी फोडलेला बरा."

हर्षल जागचा हलला नाही. तेव्हा ते स्वतः उठले, पक्कड घेऊन आले आणि औषधाची एक रिकामी बाटली धुऊन आणली. झाकणाचे सील कडेकडेने उचकटताना त्यांनी घाई केली नाही. इतक्या वर्षांनंतरही आतले पाणी नितळ होते. ओतताना मात्र थोडे पाणी बोटांवर सांडले. त्यांनी बाटलीचे झाकण घट्ट केले आणि ती लहान बॅगेच्या कडेच्या कप्प्यात उभी ठेवली.

बोटे ओलीच होती. ती कशाला पुसावीत, हे न कळून ते हात पुढे धरून उभे राहिले. चांगुणाबाईंनी आपला पदर पुढे केला. आणि यादवरावांनी एकेक बोट त्यात सावकाश पुसले.