बाबांचं स्वच्छ रक्त

बागेत आमच्या बाबांना सगळे अंतराळवीर म्हणतात. आधी चिडवायला म्हणायचे, आता कौतुकानं म्हणतात. बाबा फळबागेत फवारणी करतात. पूर्वी अंगात जुना शर्ट, तोंडाला फडकं, झालं. मग मालकांनी एकदा प्रशिक्षण ठेवलं आणि बाबा तिथून वेगळाच माणूस होऊन आले. अंगभर सूट, मास्क, चष्मा, कोपरापर्यंत हातमोजे. बाकीचे फवारणीवाले हसले. बाबा म्हणाले, "हसा हसा. हॉस्पिटलात भेटू. तुम्ही खाटेवर असाल, मी भेटायला आलेलो असेन."

घरातही नियम आले. सूट दाराबाहेरच काढायचा. त्यासाठी मी तिथे पडदा लावून दिला. आंघोळ होईपर्यंत बाबा कशाला हात लावायचे नाहीत. "औषधाचा एक थेंब घरात येता कामा नये," असं रोज म्हणायचे. आणि सूट बादलीत टाकून बादली आईच्या हातात द्यायचे.

कारण प्रशिक्षणात सांगितलं होतं, सूट रोज धुतलेला पाहिजे. पूर्वीचा शर्ट आई आठवड्यातून एकदा धुवायची, म्हणजे तो कुणी न घालताही उभा राहायला लागला की. आता रोज. न्हाणीत बसून, कोपरापर्यंत फेसात हात, ब्रशनं घासघासून. मालक सकाळी प्रत्येकाचा सूट बघायचे. डाग दिसला की परत घरी. बाबांना कधीच परत पाठवलं नाही. मालक सगळ्यांसमोर म्हणायचे, "बघा, याला म्हणतात सूट! वहिनींचा हात आहे हा." बाबा घरी येऊन सांगायचे. आई लाजायची आणि अजून जोरात घासायची.

त्याच सुमारास आईचं काहीतरी बिघडायला लागलं. बसल्या जागी घाम. तोंडाला पाणी सुटायचं, मळमळायचं. डोकं धरून बसायची. हात थरथरायचे, कपातला चहा बशीत यायचा. घड्याळ दिसेना म्हणून चष्मा केला, तरी दिसेना म्हणून दुसरा केला. बाबा म्हणाले, वय झालं. मी म्हणालो, "आई, मोबाइल कमी बघ."

"माझ्याकडे कुठाय मोबाइल?"

मी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला आहे. मला दुसरं निदान येत नाही.

मग बागेत रक्त तपासायला नर्सताई आल्या. रक्तात म्हणे एक घटक असतो, फवारणीचं औषध अंगात गेलं की तो खाली येतो. सगळे रांगेत बसलेले. आई बाबांचा डबा घेऊन गेली होती. उन्हातून चालून तिला गरगरलं, म्हणून रिकामी दिसली त्या खुर्चीत बसली. ती खुर्ची नेमकी रांगेतली. नर्सताई म्हणाल्या, "पुढचे!" आणि आईची बाही वर केली. आईला कुणाला नाही म्हणायची सवय नाही.

निकाल घ्यायला बाबा मला घेऊन गेले. एकटं कौतुक ऐकायला त्यांना आवडत नाही.

"काका, तुमचं एकदम छान आहे," नर्सताई म्हणाल्या. "कधी फवारणी केलीच नाही असं रक्त आहे."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. ऐकलंस ना, असं.

"पण यादीत तुमच्या खाली नाव आहे त्या बाई कुठला भाग फवारतात? यांचं फारच खाली आलंय. यांना काय मास्कबिस्क देत नाही का तुम्ही?"

"ती? ती माझी बायको. ती घरी असते."

"घरी?"

"बाटल्यांची अदलाबदल झाली असेल," बाबा म्हणाले. मग त्यांच्याच लक्षात आलं, तसं असेल तर छान रक्त आईचं.

नर्सताईंनी फक्त एवढंच विचारलं, "तुमचे कपडे कोण धुतं?"

डॉक्टरांनी आईला तपासलं, गोळ्या दिल्या, आणि म्हणाले, आता त्या कपड्यांना हातही लावायचा नाही. लावला तर पुढच्या वेळी चालत येणार नाहीत. त्या रात्री बाबा जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते तोच न धुतलेला सूट घालून बागेत गेले. त्याच्या पुढच्या दिवशीही. मालक तपासायला आले आणि नाकाला रुमाल लावून मागे सरकले. "अरे लांब उभा राहा! काय वास येतोय! माझं डोकं दुखायला लागलं."

"घरी धुवायला डॉक्टरांची बंदी आहे," बाबा म्हणाले. "इथं धुवायची सोय करा. तोपर्यंत मी असाच येणार. रोज. तुमच्याजवळ उभा राहणार."

मालकांना हा विषय दोन मिनिटांत कळला. प्रशिक्षणात इतकं लवकर कुणालाच काही कळलं नव्हतं. संध्याकाळी निरोप आला: बागेतच धुलाई होणार, वेगळा हौद, वेगळी जागा. आणि धुवायला पगारी बाई ठेवणार.

बाबा हसत घरी आले. "सोय झाली!"

"कोण बाई?" आईनं विचारलं.

बाबा जरा अडखळले. "मालक म्हणाले, वहिनींनाच पाठव. त्यांच्याइतका अनुभव कुणाला नाही."

आई हसायला लागली. बऱ्याच दिवसांनी. इतकी की डोळ्याला पदर लावावा लागला. मला कळेना, हसतेय की दुसरंच काही.

"हसू नको, मी ठणकावून नकार दिला. पण ते म्हणाले, सूट देऊ, हातमोजे देऊ, सगळं देऊ."

"आणि मग तो माझा सूट कोण धुणार?"

"मी धुईन की!" बाबा ताबडतोब म्हणाले.

"अहो, मग थेट तुमचाच धुवा ना. मध्ये मला कशाला घेता?"

बाबांनी रिकाम्या बादलीकडे बघितलं. कधी धुणं धुतलंय का, ते आठवत असावेत. आठवेना बहुतेक. मग खाली बघत त्यांनी विचारलं, "साबण आधी लावायचा का पाणी?"