सुभागवतीचा रेडिओ

एकोणीसशे एक्क्याण्णव साली आलेल्या एका पत्राला मी उत्तर दिले नाही. ते सुभागवतीचे होते. ती तेव्हा ऑकलंडमध्ये कोंबड्या साफ करण्याच्या कारखान्यात होती आणि दर रविवारी एका लहानशा रेडिओ केंद्रावरून आम्हा फिजीवाल्यांसाठी तासभर बोलत असे. तिने लिहिले होते, "मास्टरजी, माझी हिंदी चुलीपुढची. तुम्ही बातम्या लिहून द्या, मी वाचीन."

ऑकलंडला येण्याआधी मी फिजीतल्या लाबासा गावच्या शाळेत पंचवीस वर्षे हिंदी शिकवली होती. तरुणपणी राजधानी सुवाच्या रेडिओत निवेदक व्हायला गेलो, तर माईकपुढे घशातून शब्दच निघाला नाही. आता मी लिहायचे आणि वाहवा हिने घ्यायची?

पत्र मी शब्दकोशात ठेवून दिले.

मग तिने स्वतःचे केंद्र काढले, त्यापाठोपाठ साप्ताहिक. दरवर्षी मला वाटे, यंदा हे बंद पडणार. ते वाढतच गेले. बातम्यांच्या वेळी मी वही घेऊन बसायचो आणि तिच्या चुका टिपायचो. गाणी लागली की रेडिओ बंद.

"अकरा वह्या झाल्या," फुलमती, माझी बायको, म्हणायची. "एवढं लक्ष माझ्याकडे कधी दिलं नाहीत!"

गेल्या महिन्यात ऑकलंडच्याच मानुरेवा भागात राहणारा माझा थोरला भाऊ रघुवीर गेला.

"रेडिओवर सांगितल्याशिवाय माणसं येणार कशी?" फुलमती म्हणाली. "जा तिच्याकडे. तुमचं नाक मी सांभाळते."

मी निवेदन सुवाच्य अक्षरात लिहून नेले. सुभागवती आता साठीची होती, चष्मा कपाळावर. ती उठली, माझ्या पाया पडली आणि कागद वाचला.

"छान लिहिलंय, मास्टरजी. पण 'श्री रघुवीर नारायण' कोण, ते कुणाला कळणार? लोक त्यांना काय म्हणायचे?"

"रघुवीर."

"अहो, उसाची लॉरी चालवायचे ना? प्रत्येक घरापुढे भोंगा वाजवायचे. भोंगाभैया!"

"तुला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. दर रविवारी फोन करायचे. एक गाणं बायकोसाठी, एक तुमच्यासाठी. म्हणायचे, 'माझा भाऊ मोठा विद्वान, पण गाण्यावाचून वाळत चाललाय.'" तिने वर पाहिले. "तुम्ही ऐकत नव्हता?"

"बातम्या ऐकायचो," मी म्हणालो.

तिने माझ्या कागदाच्या समासात 'लाबासाचे भोंगाभैया' असे लिहिले, तेही एक मात्रा चुकवून. मी दुरुस्त केले नाही.

मांगेरेच्या स्मशानभूमीत दोनशे माणसे आली. फाटकाशी पाच-सहा म्हाताऱ्या ड्रायव्हरांनी आपापल्या गाड्यांचे भोंगे लांबवर वाजवले. लोक रडता रडता हसले. मी पुढे हात जोडून उभा होतो, पण माणसे आधी सुभागवतीकडे जात होती, तिचा हात धरून भैयाच्या गोष्टी सांगत होती, आणि मग मला नमस्कार करून पुढे सरकत होती. माझा सख्खा भाऊ, आणि दुःख जणू तिच्या घरचे! दाहिनीजवळ उभे राहून मी जळत होतो. ते लिहायलाही लाज वाटते.

परत आल्यावर तेराव्यापर्यंत मी रेडिओ लावला नाही. चौदाव्या दिवशी शब्दकोशातून पत्र काढले आणि उत्तर लिहायला बसलो. पहिल्या कागदावर लिहिले, तेव्हा प्रकृती बरी नव्हती. दुसऱ्यावर, पत्र उशिरा मिळाले. दोन्ही फाडले.

फुलमती डालोचे कंद सोलत होती. "पाच मिनिटांवर तिचं ऑफिस. फोन करा की!"

"फोनवर मला बोलता येत नाही."

"मग निदान खरं तरी लिहा."

तिसऱ्या कागदावर लिहिले: "सुभागवती, मला तुझा हेवा वाटत होता, म्हणून उत्तर दिले नाही. हेवा अजून गेलेला नाही. स्मशानात तर फारच वाटला. तरी तुला हव्या असतील तर बातम्या लिहून देईन. वाचायच्या तूच. भैया माझ्यासाठी कोणती गाणी मागत असे, तेवढे मला कळव."

खाली सही केली. पुन्हा वाचले असते तर पाठवले नसते, म्हणून तसेच पाकीट चिकटवले, आमच्या पापाटोएटोए भागातल्या दुकानातून तिकीट घेऊन लावले आणि पेटीत टाकले.