अण्णांची रात्रपाळी

बेंगळूरच्या चामराजपेटेतल्या हयवदनाला लग्नापासूनच कारखान्यात रात्रपाळी होती. दिवेलागणीला तो डबा घेऊन सायकलवरून निघे आणि उजाडता उजाडता परत येई. यावरून त्याच्या पाच वर्षांच्या क्षमाने ठरवून टाकलं होतं, की अण्णा कामावर गेले की रात्र होते आणि परतले की दिवस. धाकट्या त्रिविक्रमालाही तिने तेच शिकवलं. मग शाळेतही सांगितलं. बाईंनी तिच्या आईला, गोदूबाईला, बोलावून घेतलं.

"तुम्हीच सांगा तिला," गोदूबाई नवऱ्याला म्हणाली. "माझं ऐकत नाही."

हयवदन दिवसा झोपायचा, म्हणून मधल्या खोलीच्या खिडकीला घोंगडी टांगलेली असे. अंधार आयताच होता. त्याने कंदील पेटवला आणि एका पपनसाला कुंकवाचा ठिपका लावला.

"कंदील म्हणजे सूर्य. पपनस म्हणजे पृथ्वी. कुंकू आहे तिथं आपलं बेंगळूर." त्याने पपनस स्वल्प फिरवलं. "बेंगळूर कंदिलासमोर आलं की दिवस. पाठमोरं झालं की रात्र."

क्षमाने नीट बघून घेतलं. "पण तुम्ही फिरवता म्हणून ना?"

"हे मी फिरवतो. खरी पृथ्वी आपली आपण फिरते."

"सरी, कळलं. मग सोडा बघू."

त्याने सोडलं. पपनस घरंगळत पलंगाखाली गेलं. त्रिविक्रम त्याच्यामागे गेला आणि तिथंच सोलत बसला.

"कारखान्यात काय करता तुम्ही?" क्षमाने विचारलं.

"रेडिओसाठी तारेची वेटोळी गुंडाळतो."

"म्हणजे फिरवताच."

हयवदनाने कंदील विझवला. खरं सांगायचं तर त्याला फारसं वाईटही वाटलं नाही.

पुढच्या महिन्यात त्याला दिवसपाळी मिळाली. पहिल्याच संध्याकाळी तो पायरीवर बसला, शेजारी दोन्ही मुलं. समोरच्या माडांमागे सूर्य गेला. रस्त्यावरचे दिवे लागले. मग नेहमीसारखा काळोख पडला.

"आज तुम्ही गेला नाहीत," क्षमा म्हणाली.

"नाही."

"तरी रात्र झाली."

"हो."

तिने वळून त्याच्याकडे पाहिलं. हयवदनाला उगीचच अपराध्यासारखं वाटलं.

"मग ती वेटोळी कशाला गुंडाळता?"

हे त्याला आजवर घरात कुणी विचारलं नव्हतं. तो सावरून बसला आणि रेडिओत आवाज कसा येतो ते सांगू लागला. गोदूबाईने दोनदा जेवायला हाक मारली. मुलं हलली नाहीत.