ओडेलच्या घराखालची ऊब

आमच्या टेनेसीच्या डोंगरात गुड फ्रायडेला दोन कामं चुकवत नाहीत: घेवडा पेरायचा आणि घराखालचे झरोके उघडायचे. घराच्या तळाच्या फळ्यांखाली माणूस सरपटेल एवढी पोकळी असते. वारा खेळला की तिथली ओल जाते, असं ओडेलचा बाप म्हणे, बापाचा बाप म्हणे. वाऱ्याला कुणी विचारलं नव्हतं. आमचा उन्हाळी वारा मुळातच ओलागच्च. आत शिरतो आणि गार लाकडाच्या गळ्यात पडून रडतो.

नोव्हेंबरात ओडेलच्या बायकोनं, व्हर्लीननं, बजावलं, "घर तापवायची भट्टी दिवसभर घुरघुरतेय आणि माझी पावलं माशासारखी गार! रविवारपर्यंत घर उबलं नाही, तर मी ताईकडे चालले. वसंतात येईन. आले तर."

"अगं, आणखी एक झरोका पाडू का?"

"डोक्यात पाड!"

ओडेल हादरला. व्हर्लीन समोर नसली की त्याला घास उतरत नसे. त्यानं तिच्या भावाला, हॉईटला, हाक मारली. हॉईट घराखाली शिरला; आधी पोट, मागून हॉईट.

"ओडेल, ऊब धरायला फळ्यांखाली लावलेला काचेचा कापूस भिजून गळून पडलाय. भट्टीच्या गरम हवेचा नळही सोबत घेऊन पडलाय."

"मग भट्टीची हवा जाते कुठं?"

"तुझ्या कुत्र्याला. पाय वर करून घोरतोय."

"बरं."

"पास्टरांचाही आहे."

"बरं..."

"आणि पास्टरबाईंच्या हरवलेल्या कोंबड्या. आपण चर्चमध्ये डोळे मिटून ज्यांच्यासाठी प्रार्थना केली, त्याच. अंड्यांवर बसल्यात."

व्हर्लीन खिडकीतून ओरडली, "म्हणजे मी गारठले आणि अंडी उबली!"

पाहुणे कुरकुरत बाहेर आले. ओडेल आणि हॉईटनं ओल्या मातीवर जाड प्लास्टिक अंथरलं, नळ जोडला, घराच्या पायाच्या भिंतींना आतून फोमचे तक्ते ठोकले. शेवटी झरोके. ते बुजवताना ओडेलनं टोपी काढली. "बाबा, रागावू नका."

"कशाला रागावतील?" हॉईट म्हणाला. "जन्मभर मोजे घालूनच झोपले बिचारे."

रविवारी व्हर्लीन अनवाणी उठली. आधी टाच टेकली, मग पाऊल. मग बसली. मग गाल टेकवून सरळ आडवीच झाली. खालच्या फळ्यांचं जुनं लाकूड मांडीसारखं ऊबदार.

"ताईला फोन लाव," ती म्हणाली.

ओडेलचा चेहरा उतरला.

"तिला म्हणावं, तूच ये. उशी तेवढी आण, खाट नको."